जुनं भुंगेऱ्याचं चित्र: किडा कोणता, छपाई कोणती, जपायचं कसं?

पळसपान (दारव्हा)
शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटातून एक जुनं छापील चित्र निघालं आहे. मोजमाप आणि अवस्था देतो, जाणकारांनी सांगावं.

कागद २२ × १४ सेंमी. मधोमध मोठा काळा भुंगेरा, वरून पाहिलेला, डोक्यावर शिंग. खाली तीन लहान आकृत्या: डोकं बाजूने, पुढचा पाय, एक शृंगिका. मोठ्या आकृतीच्या उजवीकडे नुसती एक उभी रेघ आहे, ४६ मिमीची, तिच्याजवळ काही लिहिलेलं नाही. तळाशी रोमन लिपीत बारीक अक्षरं: डावीकडे पुसट आडनाव आणि पुढे 'डेल. एट लिथ.', उजवीकडे 'इंप.'. किड्याचं नाव असायला हवं तिथून कागद कापलेला. मागे तपकिरी पुठ्ठा पूर्ण चिकटवलेला, कडेने तांबूस ठिपके, वरचा डावा कोपरा कसरीने कुरतडलेला, एक चीर ३ सेंमीची.

किडा कोणता? छपाई खरी जुनी की नंतरची नक्कल? लॅमिनेशन करून वर्गात लावलं तर चालेल का? आणि आठवीच्या मुलांकडून याची मोठी प्रत काढून घ्यायची आहे, ती कशी?

कोरडवाहू
लॅमिनेशन नका करू बाप्पा! बाकीचं जाणकार सांगतीलच, पण तेवढं आधी थांबवा. गरम रोलरमधून कागद एकदा गेला की प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही, आणि कागदातलं आम्ल आतल्या आत कोंडून राहते.

शाईफुली
आधी छपाई. सोनाराकडे असतं तसलं १० पटीचं भिंग घ्या आणि काळ्या भागाची कड बघा, मधला भाग नको. कडेलाच सगळं उघडं पडतं.

रांगेत बसलेले, सारख्या अंतरावरचे टिंब दिसले तर ती फोटोवरून केलेली जाळीची छपाई, म्हणजे १८८० नंतरची. निळे, गुलाबी, पिवळे, काळे टिंब फुलासारखे गोल जमलेले दिसले तर आजची ऑफसेट, विषय संपला. रेघा धारदार, टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या, शाई बोटाला किंचित उंच लागणारी, आणि चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याची दबलेली चौकट असेल तर तो कोरीव छाप. खडूने खरखरीत दगडावर ओढल्यासारखा अनियमित दाणा असेल, दबलेली चौकट नसेल, तर शिळाछाप.

तुमच्या 'डेल. एट लिथ.' वरून शिळाछापच वाटतो. 'डेल.' म्हणजे रेखाटलं, 'लिथ.' म्हणजे शिळेवर उतरवलं. दोन्ही एकाच आडनावापुढे, म्हणजे चित्रकारानेच दगडावर काम केलं. 'इंप.' ज्याच्यापुढे असतं तो छापणारा. कोरीव छाप असता तर 'स्कल्प.' (म्हणजे कोरलं) दिसलं असतं. पण अक्षरांवर पूर्ण भरवसा नको, नक्कल छापताना अक्षरंही सोबतच छापली जातात. भिंगच खरं.

दुसरी चाचणी: नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कागदावर धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळवणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० पासून येऊ लागलं. जुना कागद मंद पिवळसर किंवा मळकट दिसतो.

पळसपान
भिंगाने पाहिलं. टिंबांची रांग कुठेच नाही, दाणा खरखरीत आणि वेडावाकडा. चौकट दबलेली नाही. दिव्याखाली कागद चमकत नाही. एक गोष्ट विचित्र आहे: पायांवरच्या केसांना तांबूस रंग आहे आणि तो दोन-तीन ठिकाणी रेघेबाहेर गेला आहे. काळ्या पाठीवर तिरपं धरून पाहिलं तर वार्निशासारखी चकाकी.

शाईफुली
विचित्र नाही, उलट उत्तम खूण आहे. काळी छपाई शिळेवरून, तांबूस रंग हाताने भरलेला. हाताचा रंग रेघेबाहेर जातोच. चकाकी आहे ती बाभळीच्या जातीच्या डिंकाची, अरबी डिंक म्हणतात तो. काळ्या, चकचकीत भुंगेऱ्याची पाठ खोल दिसावी म्हणून रंगारी वरून डिंकाचा हात फिरवत.

आता एकच बघायचं राहिलं: रंग त्याच काळचा की विकणाऱ्याने नंतर भरलेला? तांबूस ठिपका आणि रंग जिथे एकमेकांवर येतात तिथे भिंग लावा. ठिपक्यातला कागद मऊ, सच्छिद्र झालेला असतो. रंग त्या जागी पसरला असेल, किंवा चिरेच्या आत उतरला असेल, तर कागद खराब झाल्यावर रंगवलेलं आहे. ठिपका रंगावरून सरळ चालत गेला असेल तर रंग आधीचा. आधीचा निघाला तर चित्र बहुधा १९ व्या शतकातलं धरा. रंगीत शिळाछाप सर्रास होऊ लागला तसं प्रत्येक प्रत हाताने रंगवणं मागे पडलं.

पळसपान
ठिपका रंगावरून सरळ गेला आहे. चिरेत रंग नाही.

ज्वारीधांडा
किड्याचं सांगतो. शिंग आहे, काळा आहे, मोठा आहे. गेंडा भुंगेरा. उकिरड्याच्या खतात अळ्या असतात तोच. यात शोधायचं काय?

हुमणी
शिंगावरून गेंडा ठरवू नका, शेणकिड्यांतल्या कितीतरी नरांनाही शिंग असतं. चांगल्या शास्त्रीय चित्रात उत्तर काढूनच ठेवलेलं असतं, बघायची जागा ठाऊक पाहिजे.

पहिली जागा: दोन कवचपंख मध्यरेषेवर जिथे सुरू होतात, अगदी मानेमागे, तिथे स्क्युटेलम नावाची लहान त्रिकोणी चकती दिसते का? गेंडा भुंगेऱ्याला ती स्पष्ट असते. मोठ्या काळ्या शेणकिड्यांच्या कॉप्रिस, कॅथार्सियस, हेलिओकॉप्रिस या गटांत वरून दिसत नाही, पंखांची शिवण थेट मानेपर्यंत जाते.

दुसरी: डोक्याची पुढची कड. शेणकिड्याचं डोकं पुढे फावड्यासारखं पसरट असतं आणि जबडे त्याखाली पूर्ण झाकलेले. गेंडा भुंगेऱ्याचे जबडे वरून थोडे बाहेर डोकावतात.

तिसरी: मागच्या पायाच्या नडगीचं टोक. तिथे हलणारे काटे मोजा. गेंडा भुंगेऱ्याला दोन, शेणकिड्याला एक. हे चित्रकाराने काढलं असेल तर प्रश्नच मिटतो, पण लहान आकारात बरेचदा सुटतं.

ती ४६ मिमीची उभी रेघ म्हणजे किड्याची खरी लांबी. चित्र मोठं करून काढलेलं आहे, म्हणून बाजूला मूळ मापाची रेघ देतात. आकृतीची लांबी मोजा, ४६ ने भागा, किती पट ते कळेल.

पळसपान
त्रिकोणी चकती नाही, शिवण थेट मानेपर्यंत. डोकं पसरट, जबडे दिसत नाहीत. मागच्या नडगीला एकच काटा. आकृती ९२ मिमी, म्हणजे बरोबर दुप्पट.

हुमणी
मग शेणकिडा. ४६ मिमी लांबी पाहता कॅथार्सियस बाजूला ठेवा, तो साधारण ४० च्या आत राहतो. हेलिओकॉप्रिस गटाकडे जा. आपल्याकडचा हेलिओकॉप्रिस ब्युसेफॅलस या मापात बसतो. पण निव्वळ या चित्रावरून जातीचं नाव ठोकू नका. शिंग आणि पाठीवरचा उंचवटा नरानराला कमी-जास्त होतो. भरपूर खाऊन वाढलेल्या अळीचा नर मोठ्या शिंगाचा, उपाशी अळीचा बारक्या शिंगाचा. एकाच जातीच्या दोन नरांची चित्रं दोन वेगळ्या जातींची म्हणून छापली गेल्याचे घोळ याच कारणाने झाले.

जुळवून बघायचं असेल तर 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या इथल्या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेतला कीटकतज्ज्ञ जी. जे. अ‍ॅरो यांचा १९३१ चा खंड शेणकिड्यांचा आहे. गेंडा भुंगेरे त्यांच्याच १९१० च्या खंडात. तुमचं चित्र त्या खंडांतलं असेल असं मात्र समजू नका, हाताने रंगवलेला शिळाछाप त्याहून जुना असणार. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला मोजमापासह फोटो दाखवलात तर अधिक बरं.

कापलेल्या नावाची फार हळहळ नको. तिथे 'स्कॅरॅबियस' किंवा 'कॉप्रिस' असं जुनं नावही असू शकतं. शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनीयसने १७५८ मध्ये गेंडा भुंगेऱ्यालाही 'स्कॅरॅबियस ऱ्हिनोसेरॉस'च म्हटलं होतं, आणि कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये ब्युसेफॅलसलाही तेच वंशाचं (जीनसचं) नाव दिलं. नंतर वंश वेगळे झाले. म्हणून आज जातीच्या नावापुढे, ते नाव पहिल्यांदा देणाऱ्याचं नाव आणि साल कंसात लिहितात. कंस म्हणजे जात तीच, पण आता दुसऱ्या वंशात.

ज्वारीधांडा
चकतीचं माहीत नव्हतं. गेंडा मागे घेतो. पण मग पुढच्या पायाला पंजाच नसलेली चित्रं असतात, ती चुकीची का?

हुमणी
नाही. खऱ्या स्कॅरॅबियस गटाला पुढच्या पायाचा पंजा नसतोच, नडगी दातेरी टोकावर संपते. मुलं प्रत काढताना 'राहून गेलं' म्हणून तिथे पंजा जोडतात, ते होऊ देऊ नका. चित्रात आहे तेवढंच.

खळकागद
आता कागदाकडे या. सगळ्यात घातक गोष्ट मागचा पुठ्ठा आहे. लाकडाच्या लगद्याचा तपकिरी पुठ्ठा आम्ल सोडतो, चित्राचा कागद मागून भाजत येतो. पण घाईने काढायला जाल तर चित्र जाईल.

पाण्यात भिजवायचं नाही. हाताचा रंग आणि अरबी डिंक दोन्ही पाण्यात विरघळतात. चित्र पालथं, खाली स्वच्छ टिपकागद. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यात बोथट सुरी आडवी घालून एक पापुद्रा उचला आणि पुठ्ठा चित्रापासून ओढू नका, पुठ्ठाच स्वतःवर मागे दुमडत सोला. पापुद्रा जाड आला तर चित्र वाकतं आणि डिंकाचा थर तडकतो, म्हणून पातळ पातळ. चार-पाच थर निघाले की शेवटचा, चित्राला लागलेला पापुद्रा तसाच ठेवा. तो काढणं तज्ज्ञाचं काम. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे.

हे काम मे महिन्यात करू नका. आपल्याकडे त्या दिवसांत कागद पापडासारखा असतो, दुमडला की मोडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.

धूळ मऊ ब्रशने, मधून बाहेर. पांढरा खोडरबर बारीक किसणीवर किसून त्याचा भुगा फक्त कोऱ्या समासावर बोटाने गोल फिरवा. रंगावर नाही, पेन्सिलीच्या जुन्या नोंदी असतील तर त्यांच्यावरही नाही. तांबूस ठिपके घालवायला ब्लीच, लिंबू, हायड्रोजन पेरॉक्साइड असलं काही लावू नका.

चीर जोडायला चिकटपट्टी नको, पांढरा डिंकही नको. गव्हाची खळ लागते. इथे आपल्या घरची एक गोष्ट उपयोगी पडते आणि एक नडते. कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीक म्हणजेच ही वस्तू. पण कुरडईचा गहू तीन दिवस भिजवून आंबवतात, तो आंबट चीक कागदाला चालत नाही. ताजा काढा: कणकेचा घट्ट गोळा २० मिनिटं पाण्यात ठेवा, मग त्याच पाण्यात चोळत राहा. पांढरं पाणी म्हणजे चीक, हातात रबरासारखं उरतं ते ग्लुटेन, ते टाका. ग्लुटेन राहिलं तर खळ पिवळी पडते आणि वाळल्यावर कडक होते. पाणी मलमलच्या फडक्यातून गाळा, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, वरचं पाणी ओता. दोनदा स्वच्छ पाणी घालून असंच निथळा.

तळाचा १ चमचा चीक, ५ चमचे पाणी, मंद आचेवर सतत ढवळत २० ते २५ मिनिटं. आधी दुधासारखं, मग अर्धपारदर्शक होतं. गार झाल्यावर गाळणीतून दोनदा दाबून काढा आणि ताकाइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, आंबट वास आला की फेकून द्या.

वरून लावायचा कागद लांब धाग्याचा, पातळ जपानी टिश्यू. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ मारून फाडा, म्हणजे कडेला धागे सुटतात आणि मागची उंची पुढून उमटत नाही. पट्टी ६-७ मिमी रुंद. तिला खळ लावा, एक मिनिट सुकू द्या आणि चिरेच्या मागून बसवा. वर बटर पेपर, टिपकागद, काच, वजन. टिपकागद १० मिनिटांनी बदला, मग अर्ध्या तासाने, मग रात्रभर. पहिला बदल चुकला तर ओल कागदात शिरते आणि चिरेभोवती पाण्याची तपकिरी किनार उमटते.

कोरडवाहू
बाइंडिंगवाले खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात, कसर लागत नाही म्हणून. घालावं का थोडं?

खळकागद
नाही. कसर लागत नाही हे खरं, पण तांबं कागदाचं विघटन वेगाने करतं. जुन्या हिरव्या रंगाच्या चित्रांत पानाचा हिरवा भाग मागून तपकिरी होऊन गळून पडतो, तेही रंगातल्या तांब्यानेच. खळ पातळ आणि मोजकी वापरणं हाच उपाय, जाड थरालाच किडा येतो.

वर्धाकाठ
कसर आधीच लागली आहे म्हणता, तर ती मारून मगच फ्रेम. जाड प्लॅस्टिक पिशवीत चित्र दोन टिपकागदांत ठेवून हवा काढा, तोंड पक्कं बंद करा, उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. लगेच उघडली की बाहेरची दमट हवा थंड कागदावर दव होऊन बसते आणि डिंक चिकट होतो. त्या काळात वीज जाऊन फ्रीजर वितळला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

कडुनिंबाचा पाला कुणी सुचवेलच. उग्र वासाने थोडा फरक पडतो, पण पाला कागदाला लागला तर डाग पडतो. ठेवायचाच तर वाळवून, फडक्याच्या पुरचुंडीत, पेटीच्या कोपऱ्यात.

फ्रेमचं: काच चित्राला टेकता कामा नये. पावसाळ्यात अरबी डिंक मऊ होतो आणि काचेला चिकटतो, सोडवताना पाठीचा काळा थर काचेवर निघून येतो. म्हणून मधे सुती लगद्याच्या आम्लमुक्त पुठ्ठ्याची खिडकी (मधला भाग कापलेली चौकट), जाडी ३ ते ४ मिमी. चित्र चारी बाजूंनी चिकटवू नका, वरच्या कडेला फक्त दोन टिश्यूच्या बिजागऱ्या. जुलैत कागद फुगतो, एप्रिलमध्ये आकसतो, त्याला हलायला जागा हवी. चारी बाजू बांधल्या तर मधे पोपडा उठतो.

भिंत आतली निवडा, पश्चिमेची नको. मातीच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर उधई फ्रेमच्या मागून चढते आणि पुढून कळत नाही, म्हणून फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून १ ते २ सेंमी अंतर ठेवा आणि महिन्यातून एकदा मागे बघा. कूलरचा झोत ज्या भिंतीवर येतो ती तर बिलकुल नको. बाहेर कोरडं ठणठणीत आणि कूलर लावला की खोलीत दमट, बंद केला की पुन्हा कोरडं. रोज दोनदा ही उलथापालथ कागदाला पावसाळ्यापेक्षा जड जाते. आर्द्रता ६५ टक्क्यांवर सतत राहिली की बुरशीची सोय झाली.

उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास. वर्गातली खिडकी याच्या कितीतरी पट जास्त. म्हणून मूळ चित्र पेटीत आडवं ठेवा आणि वर्गात प्रत लावा.

शाईफुली
प्रतीचं सांगतो, माझा जीव त्यातच आहे.

आधी फोटो. फ्लॅश नको, सावलीतला उजेड. फोन कागदाला समांतर, जवळ न नेता दोन हातांवरून २ पट झूम, नाहीतर कडा फाकतात. बाजूला स्टीलची पट्टी ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात कागद यंत्रातून ओढू देऊ नका. हक्काची काळजी नको, चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली की आपल्या कायद्याने चित्र खुलं होतं.

मुलांना ए३ आकाराचं आयव्हरी कार्ड द्या. फोटोच्या प्रिंटवर १ सेंमीची जाळी, कार्डावर फिक्या पेन्सिलीने २ सेंमीची. आधी मध्यरेषा, मग तीन आडव्या रेषा: डोक्याची पुढची कड, मानेची मागची कड, पंखांचं टोक. या चार रेषा बरोबर आल्या की बाकीचं चुकत नाही. धड अर्धंच ट्रेसिंग कागदावर काढून उलटवा. पाय आणि शृंगिका मात्र उलटवू नका, दोन्ही बाजूंनी स्वतंत्र बघून काढा, नाहीतर किडा शिक्का मारल्यासारखा दिसतो.

शाईला ०.१ आणि ०.३ चं पेन पुरे. उजेड डावीकडून वरून येतो, हा शास्त्रीय चित्रांचा सर्वमान्य रिवाज. जुन्या शिळाछापात क्वचित तो उजवीकडून दिसतो. शिळेवर चित्र उलटं काढावं लागतं, कुणी सरळच काढलं की छापात डावं-उजवं बदलतं. तुमच्या चित्रात चकाकीचा पांढरा पट्टा कोणत्या पंखावर आहे ते आधी बघा.

आणि आता जिथे सगळ्यांचं चुकतं ते. पंखांवर रेषांमध्ये बारीक खड्डे असतात. मूल प्रत्येक खड्डा काळा ठिपका म्हणून काढतं, किंवा खालच्या-उजव्या बाजूला सावली देतं. सावली खाली दिली की तो खड्डा राहत नाही, फोड होतो, आणि अख्खा पंख देवी आल्यासारखा दिसतो. उजेड डावीकडून वरून येतो तेव्हा खड्ड्याची डावी-वरची भिंत अंधारात असते आणि उजवी-खालची उजळते. म्हणजे डाव्या-वरच्या कडेला जाड चंद्रकोर, उलट बाजूला कोरा कागद. एका कोपऱ्यात दहा खड्डे असे काढून घ्या आणि कार्ड हाताएवढ्या अंतरावर धरा. खोल दिसले तरच पुढे जा.

काळा किडा आहे म्हणून सगळा काळा भरू नका. पाठीच्या उंच भागावर एक लांबट जागा कोरी, आणि उजव्या कडेला अगदी काठाशी बारीक उजळ रेघ. खालच्या पृष्ठभागावरून परत आलेला उजेड तो. ती रेघ गेली की गोल पाठ सपाट होते.

पळसपान
पांढरा पट्टा डाव्या पंखावर आहे, म्हणजे बरोबर. प्रतीखाली 'चौपट' असं लिहू का?

शाईफुली
नका लिहू. उद्या कुणी तिचा फोटो काढून लहान छापला की 'चौपट' खोटं ठरतं. पट्टी काढा. प्रत मूळ किड्याच्या चौपट असेल तर ४ सेंमीची रेघ आणि खाली '१० मिमी'. चित्र कितीही लहान-मोठं झालं तरी रेघ त्याच्यासोबत होते.

हुमणी
नावाच्या जागी 'हेलिओकॉप्रिस, जात अनिश्चित, नर' एवढंच. 'नर' शिंगावरून. मूळ चित्राच्या मागे काही लिहू नका. मापं, ४६ मिमीच्या रेघेची नोंद आणि तळाची अक्षरं वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून पेटीत ठेवा, बॉलपेनची शाई पावसाळ्यात उतरते.